आई चोर, पोर साव

आमच्या भागात विमान सोडलं तर जे जे उडतं ते सगळं पाखरू. चिमणी पाखरू, पोपट पाखरू, फुलपाखराच्या तर नावातच पाखरू, आणि दिव्यावर येऊन धडकणारा पतंग तोही पाखरूच. खात्याच्या पत्रकात ‘पतंग’ असं छापून आलं की शेतकरी मला विचारायचे, "मॅडम, संक्रांत तर झाली की! आता कुठले पतंग?" म्हणून मीही पाखरूच म्हणायला शिकले. या एका शब्दापायी फळांनी लगडलेली एक मोसंबीची बाग मुळासकट उपटली जायची वेळ आली होती. ती हकिगत सांगते.

मी कृषी सहायक म्हणून नोकरीला लागले आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. बाहेरच्यांना वाटतं, हे सरकारी काम म्हणजे टेबलखुर्ची. आमची खुर्ची म्हणजे शेताचा बांध. तिथं जायचं, पानं उलटून बघायची, कोण खातंय ते ओळखायचं आणि औषध मारायचं की नाही ते सांगायचं. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असायचं आणि ते ऐकून लोक नाराज व्हायचे. डॉक्टरनं सुई टोचली नाही तर पेशंटला आपली तपासणीच झाली नाही असं वाटतं ना, तसंच हे. माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण भोकं पाडलेल्या झाकणाच्या दोन डब्या असणारच. आमच्या घरी फ्रीजमधला कुठलाही डबा उघडण्याआधी हे मला हाक मारून विचारतात, "यात खायचं आहे की बघायचं?" तालुक्यात माझं नाव फार थोड्यांना माहीत होतं. ‘अळीवाल्या मॅडम’ म्हटलं की सगळे ओळखायचे. एका लग्नात तर नवऱ्या मुलाच्या मामांनी माइकवरून माझं स्वागत त्याच नावानं केलं. मी उठून नमस्कार केला, काय करता!

पडेगावात घर बांधलं तेव्हा शेजारच्या एका हौशी बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात गाठलं. त्यांनी कुंडीत कढीपत्ता लावला होता. फुलपाखरं येतात असं कुठंतरी वाचलं होतं म्हणे. "फुलपाखरं आली हो, पण मागून या घाणेरड्या अळ्या आल्या आणि झाडाचा पार खराटा केला. एखादा फवारा सांगा ना." मी म्हटलं, "अहो, याच तुमच्या फुलपाखरांची लेकरं आहेत." बाई दोन पावलं मागं सरकल्या. "शी! मला फुलपाखरं हवीत, अळ्या नकोत." मी म्हटलं, "म्हणजे नातू हवा, पण सुनेचे डोहाळे नकोत!" बाई पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. आता बोलतात. कुंडी मात्र त्यांनी आमच्या गेटपाशी आणून ठेवली आहे.

तर रावसाहेब. हे त्यांचं पदबिद काही नाही, पाळण्यातलं नाव. देवगाव रंगारीच्या शिवारात त्यांची मोसंबी. झाडं त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली. पोळ्यानंतर फळात रस भरायला लागतो, आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या आधीच्या हंगामात नेमकी तेव्हाच रावसाहेबांची फळं टपाटप गळायला लागली. रोज सकाळी झाडाखाली सडा. त्यांनी सल्ल्याच्या एका फोन नंबरवर फोन लावला आणि सांगितलं, "पाखरू मोसंबी फोडतंय."

पलीकडची मुलगी बिचारी लांबच्या कुठल्या शहरातली. तिनं विचारलं, "पक्षी कोणता आहे, काका?"

"पक्षी नाय वो, पाखरू!"

तिनं आपलं पक्ष्यांचं उत्तर दिलं. झाडांना चमकणाऱ्या पट्ट्या बांधा, डबे वाजवा. रावसाहेबांनी मनापासून केलं. बाग सगळी चकचकीत, लग्नाचा मांडव असावा तशी. दिवसभर हे डबे बडवतायत. चिमण्या गेल्या, पोपट गेले, गावातले लोक मात्र बघायला यायला लागले. आणि फळं पडतच होती.

मग एका दुपारी रावसाहेबांना बागेत काळीपिवळी फुलपाखरं भिरभिरताना दिसली. झालं! "सापडलं पाखरू!" डबे टाकून त्यांनी टॉवेल उचलला आणि फुलपाखरांच्या मागं धावायला लागले. टॉवेलनं भागेना म्हणून दुकानदारानं दिलं ते औषध फवारलं. फुलपाखरं कमी झाली. फळं पडतच होती.

तेव्हा त्यांचा मला फोन आला, आणि तो सल्ला विचारायला नव्हता. "मॅडम, कळवून ठेवतो. बाग काढतोय. जेसीबीवाल्याला सांगितलंय, येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतोय त्यो."

"अहो, फळावरची बाग काढता?"

"रोज सकाळी उठून काय बघायचं? बाई माझी झाडाखाली बसून रडती. तिला रडताना बघण्यापरीस एकदा काय ते होऊन जाऊ द्या."

मी तशीच स्कूटी काढली. झाडाला जीव लावलेल्या माणसाची समजूत घालायची ती फोनवर घालता येत नाही.

बागेत गेले आणि आधी पडलेलं फळ उचललं. पोपटानं खाल्लेलं फळ कुरतडलेलं असतं, ते आंधळ्यालाही कळेल. या फळाला बाहेरून काहीच नव्हतं, फक्त सुईनं टोचल्यासारखं एक भोक आणि भोवती थोडा ओला डाग. अंगठ्यानं दाबलं की भोकातून रसाची चिळकांडी. माझ्या मनात चोर तिथंच पक्का झाला. पण चोर पकडायच्या आधी निर्दोष माणसाला सोडवायला हवं होतं. म्हणून मी गयाबाईंना हाताला धरून नव्या लावलेल्या लहान रोपांकडं नेलं.

रोपांच्या कोवळ्या पानांवर अळ्या होत्या. लहान असते तेव्हा ही अळी हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, म्हणजे कुणी खायला नको. मोठी झाली की पानासारखी हिरवीगार. मी एकीला काडी लावली, तशी डोक्यामागून लाल शिंगं बाहेर आली आणि आंबूस वास सुटला. गयाबाई दचकून मागं झाल्या, मग हसायला लागल्या. किती दिवसांनी हसल्या असतील कोण जाणे.

"हे लिंबावरच्या फुलपाखराचं पोर," मी सांगितलं. "पानं खातं ते हे. आई फक्त फुलातला मध पिते. तिची सोंड बघा, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, मऊ. मोसंबीच्या सालीला ती ओरखडाही काढू शकत नाही."

"मंजी पोर चोर, अन् आई साव?" गयाबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. आणि पोराची चोरीही रोपांपुरती. एवढ्या मोठ्या झाडाची चार पानं खाल्ली तर झाडाला पत्तासुद्धा लागत नाही."

रावसाहेब टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. "मंग मी इतके दिवस कुणाला हाणत होतो?"

"सावाला," गयाबाई म्हणाल्या. नवऱ्याला बोलायची संधी बायका सोडत नाहीत, आणि सोडूही नये.

गयाबाईंनी मला जाऊ दिलं नाही. मुक्कामालाच थांबले. दिवेलागणीला आम्ही तिघं बॅटरी घेऊन बागेत शिरलो. मी सांगितलं होतं, बोलायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही. पहिल्याच झाडावर बॅटरी टाकली आणि एका मोसंबीवर दोन डोळे लालबुंद चमकले. वाळकं पान चिकटल्यासारखं काहीतरी फळावर बसलं होतं. मी डबीनं अलगद झाकून धरलं. गयाबाईंनी नीट बघितलं आणि "अगं बया!" एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन दिव्याखाली मी त्याचे वरचे पंख बाजूला केले. खालून केशरी पंख, त्यावर काळेभोर पट्टे. पतंग म्हणजे मळका, फुलपाखरू म्हणजे सुंदर, असं समजणाऱ्यांनी हा एकदा बघावा. फुलपाखरू आपला शालू चारचौघांत मिरवतं, हा घडी घालून आत ठेवतो, एवढाच फरक. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, याच्या मिशा नुसत्या दोऱ्यासारख्या. फुलपाखरू बसलं की पंख पाठीवर मिटून उभे धरतं, हा घराच्या छपरासारखे खाली पसरतो. पण माझ्या कामाचा फरक सोंडेत. याची सोंड ताठ, कडक, टोकाला करवतीसारखे दाते. ती सालीतून आरपार जाते, हा रस पितो आणि उडून जातो. मागं राहिलेल्या भोकातून बुरशी शिरते, फळ सडतं आणि गळतं. रावसाहेबांनी सोंडेवर बोट टेकवून बघितलं आणि पटकन मागं घेतलं.

"अन् ह्याचं पोर काय खातं?" गयाबाईंनी विचारलं.

प्रश्न बिनचूक होता. उत्तर मला माहीत होतं आणि म्हणूनच त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

या पतंगाची अळी मोसंबीच्या पानाला तोंडही लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर आणि कुपाटीतल्या, म्हणजे काटेरी कुंपणातल्या, वासनवेलीवर. फुलपाखराच्या बरोबर उलट. इथं आई चोर आणि पोर साव. पोर आपलं लांब कुठंतरी वेलीची पानं खात मोठं होतं, पंख फुटले की मोसंबीवर दरोडा घालायला निघतं. आणि रावसाहेबांच्या बांधावर, जाफरभाईंच्या बाजूच्या कडुलिंबाच्या झाडावर, शेंड्यापर्यंत चढलेली गुळवेल मी संध्याकाळीच पाहिली होती.

जाफरभाई म्हणजे शेजारचे शेतकरी. आल्याचं पीक घेतात. दोघांच्या वडिलांपासून बांधाला बांध. सकाळी रावसाहेबांना घेऊन मी त्या लिंबाखाली गेले. खालची पानं उलटली, आणि होतीच. मखमली काळपट अळी, अंगावर डोळ्यांसारखे मोठे ठिपके, पाठ कमानीसारखी वर उचललेली. मी पान तोडून रावसाहेबांच्या हातात दिलं. ते वेलीकडं बघत राहिले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे जाफरभाईजवळ बोलू नका."

"अहो, पण वेल काढली तर..."

"नाय. वेलीला हात लावायचा नाय." मग त्यांनी सांगितलं. साथीच्या काळात गयाबाई दवाखान्यातून परत आल्या तेव्हा उठवत नव्हतं, अन्नाचा घास जात नव्हता. गावातलं कुणी दारात उभं राहत नव्हतं. तेव्हा जाफरभाईंची बायको, शकीलाभाभी, रोज सकाळी याच वेलीचा काढा तांब्यात घेऊन बांधावरून यायची आणि समोर बसून पाजायची. काढ्यानं बरं वाटलं की डॉक्टरांच्या औषधानं, या वादात मी पडत नाही. तांब्या घेऊन कुणीतरी येत होतं, हे मात्र खरं.

"त्या माणसाला मी काय तोंडानं सांगू, तुझी वेल तोड म्हणून? त्यापरीस माझी बाग जाऊ द्या."

मला राग आला. खरंच राग आला. एवढी चांगली बाग आणि हा माणूस भिडेपोटी घालवतोय! पण शब्द दिला. धूर करा, पडलेली फळं रोज गोळा करून पुरा, कुपाटीतली वासनवेल काढा, असं सगळं सांगितलं. रावसाहेब मान हलवत होते, पण जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगतो असं काही त्यांच्या तोंडून आलं नाही.

परत जाताना फाट्यावर जाफरभाईंनी हात करून स्कूटी थांबवली.

"मॅडम, रावसाहेब बाग काढतोय म्हणे? मेरेकू बोल्याच नाय. मला जेसीबीवाल्याकडनं कळलं."

"हो, फळं गळतायत."

"ती पाखरं येतेत कुठून?"

आता आली का पंचाईत! खोटं बोलायचं नाही आणि शब्दही मोडायचा नाही. मी म्हटलं, "हे तुम्ही त्यांनाच विचारा, जाफरभाई."

"सकाळी तुमी दोघं माझ्या लिंबाखाली उभे होते," ते म्हणाले. मी हेल्मेटचा पट्टा नीट करायला लागले. पट्टा नीटच होता. "हौ," ते स्वतःशीच म्हणाले आणि वाटेला लागले.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगीच तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. बाग आजही उभी आहे. गळ पूर्ण थांबली नाही, पतंग काही एका वेलीवर जगत नाही आणि लांबूनही उडत येतो, पण गळ पुष्कळ कमी झाली. गुळवेलीची एक काडी आता गयाबाईंच्या दारात आहे आणि एक शकीलाभाभींच्या. ती युक्ती दोघींनी आणि मी मिळून काढली. उंच झाडावरच्या वेलीकडं कोण बघतं? दारातल्या वेलीचं पान न पान रोज डोळ्यांखालून जातं. पतंगानं तिथं अंडी घातली तर अळी सकाळीच सापडते आणि शकीलाभाभींच्या कोंबड्यांना न्याहारी मिळते. एखाद्या चांगल्या शास्त्रज्ञानंही यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं. लहान रोपांवरच्या फुलपाखराच्या अळ्या मात्र गयाबाई उचलून बागेतल्या थोराड झाडांवर नेऊन सोडतात. "त्यांच्या आईनं लई मार खाल्लाय," म्हणतात.

मोठमोठे बोंडअळीचे हंगाम बघितले मी, सोयगावकडं कापूस बघत फिरले, सभा घेतल्या, शाली घेतल्या. नोकरीनं मला पुष्कळ दिलं. एक खंत आहे की एवढी वर्षं कीड ओळखायला शिकवली, पण बांधापलीकडच्या माणसाशी आधी बोला, हे कधी कुठल्या सभेत सांगितलं नाही. नोकरीतली एकच सकाळ परत जगायला दिली तर मी मात्र हीच मागेन.

बाजाराच्या दिवशीची सकाळ. दुसऱ्या दिवशी जेसीबी यायचा होता. मला राहवलं नाही म्हणून गेले, तर लिंबाखाली दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. गुळवेल बुडापासून तोडलेली, खाली ढीग पडलेला, जाफरभाईंच्या हातात अजून कोयता. गयाबाई आणि शकीलाभाभी डोक्यावर पदर घेऊन एका बाजूला उभ्या.

मला बघताच रावसाहेब माझ्यावर धावले. "तुमी सांगितलं!"

"मॅडमनी एक अक्षर नाय सांगितलं," जाफरभाई म्हणाले. "माझी वेल, मी तोडली. तुला काय करायचं?"

"तुझी कशी? माझ्या बायकोच्या जिवाची वेल हाय ती! कुणाला विचारून तोडली?"

"अन् तू कुणाला विचारून बाग काढत होतास?"

"बाग माझी हाय!"

"हौ, तुझी हाय." जाफरभाईंचा आवाज एकदम खाली आला. "वेलीचं काय रे, काडी खोवली की वर्षात पुन्हा येती. ही बाग मी गयाबाईला घागरीनं पाणी घालून वाढवताना बघितलीय. रोज फजरला उठलो की पहिली नजर तिच्यावर जाती माझी. उद्या उठून मी काय बघायचं होतं? येक बार बोलता तो सही. इतका परका झालो मी तुला?"

रावसाहेबांनी तोंड फिरवलं, टॉवेलनं चेहरा पुसला. गयाबाई तोडलेल्या वेलीतल्या काड्या वेचायला वाकल्या. मग रावसाहेबांनी खिशातून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. शेवटी लागला.

"उद्या येऊ नको रे," ते म्हणाले.

पलीकडचा जेसीबीवाला मोठ्यानं बोलणारा, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "काऊन? बाग काढायची व्हती ना?"

"नाय काढायची."

"अहो पण झालं काय?"

रावसाहेब जाफरभाईंकडं बघत म्हणाले, "घरचे नको म्हणतेत."